कायम पड

सातबारा हा शब्द शेतकऱ्याच्या तोंडात आयुष्यभर असतो. पण त्यातला सात कशाचा आणि बारा कशाचा, असं विचारलं तर बरेचजण एकमेकांच्या तोंडाकडं बघतात. सात म्हणजे गाव नमुना सात. तो मालकीचा. जमीन कुणाची, किती, बोजा कुणाचा, वाटणीत कोण कोण, हे सगळं सातात. बारा म्हणजे गाव नमुना बारा. तो पिकाचा. औंदा त्या रानात ऊस होता का भात, भुईमूग होता का नुसतंच गवत, हे बारात. एकाच कागदावर वर मालक बसलेला आणि खाली पीक उभं.

पूर्वी पिकाची नोंद तलाठी करायचा. २०२१ पासून ती आपली आपण मोबाइलवर करायची. पोरगा बांधावर उभा राहून फोटो काढतो, मी शेजारी उभा राहून बघतो. त्या मोबाइलमध्ये पीक नसलेल्या रानासाठी दोन शब्द आहेत. चालू पड आणि कायम पड. चालू पड म्हणजे यंदा पेरलं नाही, पुढं पेरू. कायम पड म्हणजे इथं काही पिकत नाही, पिकणारही नाही. सरकारच्या हिशेबी विषय संपला.

माझं शिक्षण दहावीपर्यंत. तत्त्वज्ञानाची पुस्तकं आपल्याला पेलत नाहीत. पण हा कागद हातात धरला की एक प्रश्न मात्र दरवेळी डोक्यात येतो. जमीन कुणाची? सातावर ज्याचं नाव त्याची, का बारात ज्याचा घाम त्याची?

शेताच्या बाबतीत याचं उत्तर आमच्या वडलांच्या पिढीला कायद्यानं दिलं. १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन धरला आणि कसेल त्याची जमीन झाली. आमचं तीन एकर रान त्याच कायद्यानं आमच्या नावावर आलं. त्याआधी बारात आम्ही होतो आणि सातात दुसराच कोणीतरी. वडील म्हणायचे, "घाम कागदावर चढाय दोन पिढ्या गेल्या." म्हणजे कसणाऱ्याचा हक्क मोठा, हे आमच्या घरात पक्कं.

पण जिथं कुणी कसतच नाही, नुसतं खेळतात, ती जागा कुणाची? तिथं नांगर नाही, बी नाही, काढणी नाही. घाम मात्र आहे, आणि तो शेतातल्यापेक्षा कमी नाही. या प्रश्नाकडं मी कोल्हापूरच्या फुटबॉलमुळं आलो.

आमच्या गावापासून कोल्हापूर बारा-तेरा किलोमीटर. लहानपणी गुळाची गाडी घेऊन वडील जायचे, तेव्हा मला मामाकडं मंगळवार पेठेत सोडायचे. मामा फुटबॉलचा येडा. मॅच असली की दुपारी जेवण उरकून, खिशात शेंगा भरून, मला पुढं घालून शाहू स्टेडियमवर. दगडी पायऱ्यांवर माणूस मुंगीसारखा. हलगी कडाडत असायची. कोल्हापूरचा फुटबॉल ज्यानं बघितला नाही त्याला सांगून पटत नाही. इथं संघांची नावं तालमींची. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम. तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा, लाल माती, जोर-बैठका. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला जो आसरा दिला त्यानं पेठापेठांत तालमी बळकट झाल्या, आणि पुढं त्याच तालमींच्या पोरांनी लंगोटाबरोबर बूटही घातले. विश्वचषक आला की अख्ख्या पेठा ब्राझील आणि अर्जेंटिनात वाटल्या जातात, चौकाचौकात झेंडे आणि खेळाडूंचे फलक लागतात. पण विश्वचषक चार वर्षांनी येतो आणि जातो. तालमीचं वैर बारमाही.

आता गंमत बघा. या वैऱ्यांचं मैदान एकच. मोठमोठ्या देशांत प्रत्येक संघाचं आपलं मैदान असतं म्हणतात. आज आमच्या घरी, उद्या तुमच्या घरी. घरच्या मैदानावर घरचा प्रेक्षक, परक्या मैदानावर शिव्या. कोल्हापुरात घर आणि परकं असं काही नाहीच. वरिष्ठ गटातले सोळाही संघ शाहू स्टेडियमवरच खेळणार. कारभार कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनचा, ज्याला सगळे केएसए म्हणतात. आज ज्या गोलात पाटाकडीलनं चेंडू मारला त्याच गोलात परवा खंडोबा मारणार. आज मंगळवार पेठ ज्या पायरीवर बसली तिथंच उद्या शिवाजी पेठ बसणार. सोळा तालमी, आणि एकीच्याही नावावर ते मैदान नाही. शहरात सातबारा नसतो, प्रॉपर्टी कार्ड असतं. त्या कार्डावर कुठल्या तालमीचं नाव शोधाल तर सापडायचं नाही. पण कुठल्याही तालमीच्या म्हाताऱ्याला विचारा, "मैदान कुणाचं?" तो छातीवर हात मारून म्हणणार, "आमचं!" आणि सोळाजण असं म्हणत असताना एकही खोटं बोलत नसतो.

कलकत्त्यालाही असंच आहे. मोहन बागान, ईस्ट बंगाल या नावाजलेल्या क्लबांची तिथल्या मोठ्या मैदानात आपापली जागा आहे, पण त्या मैदानाची जमीन लष्कराच्या ताब्यातली. म्हणजे आपलं म्हणायला सातावर नाव लागतंच असं नाही.

मग काय लागतं? मला वाटायचं, घाम लागतो. बाराचा हक्क. पण हे उत्तरही पुरं पडत नाही, कारण मैदानाला आणखी एक जुना मालक आहे. पाणी.

जुनं कोल्हापूर तळ्यांचं गाव. रंकाळा आणि कोटितीर्थ अजून आहेत म्हणून लोकांना माहीत. पण गावठाणात आणखी कितीतरी तळी होती. कपिलतीर्थ होतं, तिथं आता भाजी मंडई भरते. वरुणतीर्थ होतं, तिथं आता गांधी मैदान. रावणेश्वराचं तळं होतं, तिथं आता शाहू स्टेडियम. रावणेश्वराचं देऊळ अजून शेजारीच आहे. देव जागेवर राहिला आणि तळं गेलं. ज्या जागेवर मी मामाच्या मांडीला टेकून गोल बघितले, तिथं एके काळी माणसाच्या डोक्यावरनं जाईल एवढं पाणी असेल.

तळी का गेली याला एकच कारण नसतं. कळंब्याच्या तलावाचं पाणी नळानं शहरात आलं. नळ दारात आला की माणूस आड आणि तळ्याकडं पाठ फिरवतो. पाठ फिरवली की गाळ साठतो, कचरा पडतो, डास होतात. मग एक दिवस सगळ्यांनाच वाटायला लागतं, ही घाण बुजवा एकदाची. आमच्या गावच्या आडाचंही तेच झालं. ज्या आडानं चार पिढ्या पाजल्या त्यात पाचव्या पिढीनं प्लास्टिक टाकलं. पाण्याची निगा पाण्याची गरज असणारा राखतो. गरज संपली की राखणदार संपला, आणि राखणदार संपला की जागा मोकळी झाली असं सगळे धरून चालतात.

तळ्याच्या जागी मैदान झालं ते चांगलं का वाईट? यावर मी पुष्कळ विचार केला. चांगलं म्हणावं तर तळ्यावर जनावरं पाजणारा, धुणं धुणारी, आसपासच्या विहिरींना ज्याचा पाझर होता तो, यांना कुणी विचारलं होतं का? वाईट म्हणावं तर तिथं इमारती उठल्या नाहीत, हे काय थोडं झालं? एक सामाईक जागा गेली, पण तिच्या पोटात दुसरी सामाईकच आली. पाण्यावर जसा सगळ्यांचा हक्क होता तसा मैदानावरही सगळ्यांचा राहिला. दर्जा बदलला नाही, रूप बदललं. म्हणून मला रावणेश्वराच्या तळ्याचं मैदान होणं आणि कपिलतीर्थाची मंडई होणं यात फरक वाटतो. मंडईत गाळा असतो, गाळ्याला नंबर असतो, नंबराला नाव असतं. मैदानाच्या मध्यभागी उभं राहून कुणालाही "हे एवढं माझं" म्हणता येत नाही.

पण पाणी विसरत नाही हेही खरं. पावसाळ्यात गांधी मैदान बघा. शहर वरचं सगळं पाणी सोडतं आणि ते पाणी आपल्या जुन्या घरी येऊन बसतं. पोरं बॉल घेऊन काठावर उभी. प्रॉपर्टी कार्डावर नाव कुणाचंही असो, जुलैत ताबा वरुणाचा. माणसानं जमिनीचा फेरफार केला तरी उताराचा फेरफार कुठल्याच कचेरीत होत नाही.

आता आमच्या गावाकडं येतो, कारण प्रश्न तिथंच येऊन टेकला आहे.

आमच्या गावाला ओढ्याच्या वरच्या अंगाला गायरान आहे. मी लहान असताना ते बरंच पसरट होतं. त्यातला एक सपाट पट्टा, अंदाजे पावणेदोन एकर. पुढं पोरांनी टेप धरून मोजला तेव्हा मोठ्या मैदानाचं माप, एकशेपाच मीटर बाय अडुसष्ट, त्यात जेमतेम बसलं. गुंठ्यांत सांगायचं तर सत्तर गुंठे. उसाच्या भाषेत सांगितलं तर त्या जागेची किंमत आमच्या भागातल्या कुणालाही लगेच कळेल.

त्या पट्ट्यावर पूर्वी काय काय व्हायचं! ज्यांच्या रानात खळं करायला जागा नाही ती माणसं तिथं खळं करायची आणि भाताची मळणी काढायची. जत्रेला तिथंच कुस्त्या. गुरं दिवसभर तिथनंच वर जायची आणि संध्याकाळी तिथंच दम खायची. बाया एका कडेला शेणी लावायच्या, नि वाळल्या की हुडवे रचायच्या. बाहेरगावची मेंढरं एक-दोन रात्री बसायची. लग्नाचा मांडव पडायचा. आणि या सगळ्याच्या मधनं, जागा मिळेल तशी, आम्ही पोरं फुटबॉल खेळायचो. कोल्हापुरात मॅच बघून आलेल्या दोघा-तिघांनी ते खूळ गावात आणलं. गोल म्हणजे दोन मेसकाठ्या. चेंडू शेणीच्या हुडव्यात गेला की आक्काच्या शिव्या ठरलेल्या. म्हैस मधनं चालली की खेळ थांबायचा. म्हशीला ऑफसाइड कोण सांगणार?

तेव्हा वैताग यायचा. आता वाटतं, तोच त्या जागेचा सुवर्णकाळ होता. कारण त्या पट्ट्यावर एवढ्या लोकांचा पाय होता की त्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती. कुणी एक खुंटी जरी ठोकली तरी गुराखी ओरडायचा, खळंवाला ओरडायचा, पैलवान ओरडायचे, आक्का तर गावभर करायची. गायरानाला भिंत नव्हती, पण डोळे शंभर होते.

मग एकेक पाय कमी झाला. संकरित गाई आल्या, त्या गोठ्यात उभ्या. वैरण दावणीला, उसाचं वाडं दावणीला, गुरं चरायला जायची बंद झाली. मळणी यंत्रावर गेली, खळी संपली. गॅस आला, शेणी निम्म्यावर आल्या. लग्नं कार्यालयात गेली. मेंढरांची वाट उसानं अडवली. सत्तर गुंठ्यांवर राहिली फक्त फुटबॉलची पोरं.

पोरांनी मेहनत भारी घेतली. खोटं कशाला बोलू? आमच्या पुढच्या पिढीनं दगड वेचले, ओढ्याची माती टोपलीनं आणून खड्डे भरले, वर्गणी काढून लोखंडी गोल उभे केले. २०१७ साली सतरा वर्षांखालच्या पोरांचा विश्वचषक आपल्या देशात भरला आणि भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव उतरला, तेव्हा आमच्या पोरांच्या अंगात वारं शिरलं. त्यांनी क्लबला नाव दिलं, फलक लावला आणि मैदानाला तिन्ही बाजूंनी तारेचं कुंपण मारलं. जनावर शिरू नये, ट्रॅक्टर जाऊ नये, गवत टिकावं, म्हणून. त्यांच्या बाजूनं बघितलं तर बरोबर होतं. गवत टिकलंही.

पण त्या तारेनं एक झालं. आतले आणि बाहेरचे झाले. आक्काची शेणीची जागा तारेच्या आत गेली. ती काही बोलली नाही, ओढ्याच्या कडेला अडचणीत शेणी लावायला लागली. दोन-चार म्हाताऱ्या म्हशी राखणारी माणसं लांबनं वळसा घालायला लागली. जे मैदान "गावचं" होतं ते बोलण्यात "पोरांचं" झालं. कुणी ठरवून केलं नाही. शब्द बदलला, आणि शब्दामागनं जागा बदलली.

मग लचके पडायला सुरुवात झाली. आधी पाण्याची टाकी, ती कोपऱ्यात. मग एक खोली. मग रस्ता रुंद करायला एक पट्टी. दरवेळी पोरं एकटीच ओरडली. गावातलं दुसरं कुणी उठलं नाही. का उठावं? त्यांचं तिथं काय राहिलं होतं?

आणि मग आला खरा प्रश्न. गावात घरकुलं मंजूर झाली, पण ज्यांच्या नावावर जागाच नाही अशी काही कुटुंबं निघाली. घर मंजूर आणि पाया घालायला जमीन नाही. कुणीतरी बोट दाखवलं. मैदान आहे की. ग्रामसभा भरली. एरवी ग्रामसभेला वीस माणसं. त्या दिवशी देवळाचा मंडप पुरला नाही.

पोरांनी मुद्दे चांगले मांडले. एकानं तर सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा निकाल वाचून दाखवला. पंजाबात पतियाळा जिल्ह्यातल्या एका गावचं तळं बुजवून लोकांनी घरं बांधली होती. न्यायालयानं सांगितलं, गावच्या सामाईक जमिनी गावाला परत करा, आणि सगळ्या राज्यांना तसं करायला लावलं. सभेत टाळ्या पडल्या. पण तो कागद शेवटपर्यंत वाचला तर त्यात अपवादही आहे. सरकारच्या आदेशानं भूमिहीन मजुरांना, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसांना दिलेली जागा असेल, किंवा तिथं आधीच शाळा, दवाखाना असं काही सार्वजनिक काम असेल, तर तिथं नियमित करता येईल. म्हणजे न्यायाधीशांनाही हा पेच पडला होताच. २०२२ साली आपल्याकडं उच्च न्यायालयानं गायरानावरची अतिक्रमणं काढायला सांगितली, तेव्हा जिल्ह्यात जे मोर्चे निघाले त्यात धनदांडगे होते तसे ज्यांना खरंच दुसरा आसरा नाही असेही होते. एकाच शब्दात दोघं बसतात. अतिक्रमण.

मग आक्का उठली. सत्तरी ओलांडलेली बाई, जन्मभर दुसऱ्याच्या बांधावर भांगललेली. ती म्हणाली, "पोरांनी खेळूदे की. मी कवा नको म्हटलं? पण पळाय दोन एकर हाय आन मला निजाय दोन गुंठं न्हाईत, ह्यो कुठला न्याय म्हनायचा?"

मंडपात कुणी हललं नाही. मी आजवर ऐकलेल्या तत्त्वज्ञानाच्या प्रश्नांत हा सगळ्यात सरळ आणि सगळ्यात अवघड.

त्यावर उत्तर दोन प्रकारे देता येतं. एक असं की, घर ही गरज आहे आणि खेळ ही हौस. गरजेपुढं हौसेनं वाट सोडावी. ऐकायला बरोबर वाटतं. पण या न्यायानं चाललं तर जगात एकही मैदान, एकही देवराई, एकही तळं शिल्लक राहायचं नाही, कारण गरज कधी संपत नाही. आज घर, उद्या गोदाम, परवा बाजार. मोकळी जागा रोज हरणार, कारण ती कुणाच्याच पोटाला लगेच लागत नाही. दुसरं उत्तर असं की, सामाईक ते सामाईक, त्याला हात लावायचा नाही म्हणजे नाही. हेही ऐकायला बरोबर. पण हे म्हणणारा सहसा आपल्या चार खोल्यांच्या घरातनं म्हणतो.

मी उठून बोललो ते एवढंच, की हा प्रश्न आक्का आणि पोरं यांच्यातला नाही. दोघंही सातावर नसलेली माणसं. एकाला गावची जागा निजायला पाहिजे, दुसऱ्याला पळायला. भांडण त्यांच्यात लावून दिलंय आणि बाकीचे आपण, ज्यांच्या नावावर एकरानं रान आहे, काठावर बसून मॅच बघतोय. घरं लागणार किती? बारा-तेरा. जागा लागणार किती? सगळी मिळून पंचवीस गुंठे. गावात ऊस किती एकर? मोजायला बसलो तर संध्याकाळ होईल. सामाईक जागेला हात लावायच्या आधी एकदा तरी खासगी सातबारे मंडपात मांडावेत. वर्गणी काढून आपण देवळाचा कळस चढवतो, जत्रेला ऑर्केस्ट्रा आणतो. तर वर्गणी काढून रस्त्यालगतचे पंचवीस गुंठे विकत का घेऊ नयेत? माझे तीन गुंठे मी लिहून देतो, वडलांना कायद्यानं दिलेल्या रानातले.

एकजण हसला. दोघांनी माना डोलावल्या. एकानं मागनं म्हटलं, "आण्णा, तुमचं रान रस्त्यापासनं लांब हाय, म्हणून बोलताय." त्याचंही खोटं नव्हतं. माझे तीन गुंठे कुणाच्या घराच्या कामाचे नव्हते, पण विकून पैसे देता आले असते. सभा ठरावाशिवाय उठली. कागद तालुक्याला गेला आणि अजून तिथंच आहे.

पण त्या दिवसानंतर मला शाहू स्टेडियमचं कोडं उलगडलं. शहराच्या मध्यात, सोन्याच्या भावाची ती जागा अजून मोकळी कशी? पोलीस राखतात म्हणून नव्हे, नुसता कायदा आहे म्हणूनही नव्हे. सोळा तालमींचा डोळा तिच्यावर आहे म्हणून. एकाच तालमीचं असतं तर बाकीच्या पंधरा पेठांनी ते जाताना टाळ्या वाजवल्या असत्या. वैरी जितके जास्त, राखण तितकी पक्की. आम्ही पोरं असताना आमच्या गायरानावर तेच होतं. गुराखी, पैलवान, आक्का आणि आम्ही, सगळे एकमेकांना वैतागलेले आणि म्हणूनच जागा सुरक्षित. सामाईक जागा कुंपणानं राखता येत नाही. ती हक्क सांगणाऱ्यांच्या गर्दीनं राखली जाते. जो दुसऱ्याला बाहेर ठेवून जागा आपली करतो तो आपले साक्षीदारच बाहेर ठेवतो. मग फिर्याद आली की त्याच्या बाजूनं बोलायला कोण?

आणि पडीचंही मला नव्यानं कळलं. आमच्याकडं रान पड टाकतात ते आळसानं नव्हे. सारखं पीक काढलं की जमीन दमते. वर्षभर पड टाकली की तिच्या अंगात पुन्हा ताकद येते. वरून बघणाऱ्याला वाटतं, रान वाया गेलं. आत काय चाललंय ते शेतकऱ्याला माहीत असतं. गावालाही अशी पड लागते. जिथं कुणाचं पीक उभं नाही, म्हणून कुणालाही पाऊल टाकता येतं अशी जागा. पोरगं तिथं पळायला शिकतं, हरायला शिकतं, ज्याच्याशी बोलत नाही त्याला पास द्यायला शिकतं. हे पीक बारात लिहायला रकाना नाही, म्हणून ते पिकलं नाही असं होत नाही.

मग अशी पड मोडायचा अधिकार कुणाला? माझ्यापुरतं उत्तर मी काढलं आहे. ज्याला दुसरीकडं टेकायला इंचभर जागा नाही, त्याला आहे. पण त्यानं ती मोडायच्या आधी बाकी सगळ्यांनी आपलं आपलं रान चाचपून बघितलेलं पाहिजे. आणि मोडायचीच वेळ आली तर घरं कडेनं बांधावीत, मैदान लहान करावं, पण मधली जागा मोकळी ठेवावी. अकराजणांचं सातजणांचं झालं तरी चालेल. घरांची तोंडं मैदानाकडं करावीत. म्हणजे आक्का दारात बसून शिव्या देईल आणि मैदानाला पुन्हा एक राखणदार मिळेल.

पोरांच्या कानावर मी हे घातलं. पोरं शहाणी आहेत. गेल्या दिवाळीनंतर त्यांनी ओढ्याकडच्या बाजूची तार सोडवून गुंडाळून ठेवली. क्लबचा फलक आहे, पण त्याच्या खाली रंगानं "सर्व ग्रामस्थांचे" असं लिहिलं. आक्का आता गोलाच्या मागं शेणी लावते. परवा एक चेंडू हुडव्यात जाऊन रुतला. आक्कानं गोलकीपरच्या सात पिढ्या काढल्या, मग चेंडू पदरानं पुसून स्वतः आणून दिला. तालुक्यातनं काय उत्तर येईल ते येईल. ते येईपर्यंत बारात काहीही लिहा, सत्तर गुंठ्यांवर रोज संध्याकाळी पीक उभं असतं.